सगळ्या गाड्या सारख्या

गाडी चालवण्याविषयीचं जगातलं सगळं ज्ञान एकाच माणसाच्या डोक्यात भरायचं आणि त्याला गाडी मात्र चालवता येऊ द्यायची नाही, असं देवानं एकदाच कधीतरी ठरवलं असावं. तो माणूस त्यानं काचीगुड्याला पाठवला आणि माझ्या बायकोचा मामा केला. गाड्यांच्या शर्यतींत कोण ड्रायव्हर थोर आणि कोण नुसताच नशीबवान, हे मामांइतक्या ठामपणे सांगणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. पण त्यांना स्कूटरसुद्धा येत नाही. भाजी आणायला ते चालत जातात, आणि रिक्षात बसले तर रिक्षावाल्याला ब्रेकबद्दल दोन शब्द सुनावल्याशिवाय उतरत नाहीत.

मामा रेल्वेत ड्रायव्हर होते. सिकंदराबादहून सुटणाऱ्या मालगाड्यांवर त्यांची उमेदीची वर्षं गेली आणि उरलेली पॅसेंजर गाड्यांवर. हल्ली त्या नोकरीला पायलट वगैरे म्हणतात, ते मामांना रुचत नाही. "पायलट विमानात असतो. मी ड्रायव्हर," असं ते नव्या पोरांना ऐकवतात. मी पुण्याहून नोकरीसाठी इथे आलो आणि इथलाच जावई झालो. लग्नानंतर थोड्याच दिवसांत मामांना माझ्या गाडीतून अंबरपेठेला एका बारशाला न्यायची वेळ आली. पहिल्याच चौकात मामांनी हात लांब केला, बोट सिग्नलवर रोखलं आणि शेजारच्या स्कूटरवाल्यानं दचकून वळून पाहावं अशा आवाजात म्हणाले, "सिग्नल लाल."

मी म्हटलं, "हो मामा, दिसतोय."

"दिसतोय नक्को जावईबापू. लाल म्हणा."

मी लाल म्हटलं. दिवा बदलला तेव्हा हिरवाही म्हटलं. अंबरपेठ येईपर्यंत माझा घसा बसला. मग बारशाच्या पंगतीत त्यांनी मला समजावलं की इंजिनात दोघं असतात, ड्रायव्हर आणि त्याचा असिस्टंट. ज्याला सिग्नल आधी दिसेल त्यानं हात करून मोठ्यानं सांगायचं, दुसऱ्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं आणि मगच तोच रंग उलट म्हणायचा. न बघता उलट म्हणणं हे त्यांच्या लेखी झोपेत गाडी चालवण्याइतकंच वाईट. हे सगळं त्यांनी जिलेबी हातात धरून, तिचाच सिग्नल करून सांगितलं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी माझ्या गाडीवर शिकायचं मनावर घेतलं. आम्ही एक मोकळं मैदान गाठलं. मामांनी मला पुढच्या काचेपाशी पाण्यानं काठोकाठ भरलेलं भांडं ठेवायला लावलं आणि गाडी अशी काही हलवली की ती हललीय हे मला बाहेरचं झाड मागे गेल्यावर कळलं. पाण्याचा थेंब सांडला नाही. मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला. मैदान संपत आलं, समोर वाळूचा ढीग होता, आणि मामा दोन्ही हातांत चाक घट्ट धरून शांतपणे सरळ जात राहिले. त्याच हळुवारपणे गाडी वाळूत शिरली आणि थांबली. भांड्यातलं पाणी अजूनही जागच्या जागी होतं.

"मामा, वळवायची होती ना," मी म्हटलं.

"वळण होतं ते मी पाहिलं," मामा म्हणाले. "वळली का नाही पण?"

आयुष्यभर त्यांना रुळांनी वळवलं होतं. सुरू करणं, वेग सांभाळणं आणि थांबवणं एवढंच ड्रायव्हरचं काम, बाकी रूळ बघतात. खाली उतरून त्यांनी स्टिअरिंगच्या चाकाकडे, एखाद्या चांगल्या घरातल्या वाया गेलेल्या मुलाकडे पाहावं तसं पाहिलं आणि पुन्हा कधी त्याला हात लावला नाही.

असा माणूस मोटारींच्या शर्यतींच्या नादी लागला तो एका रविवारी दुपारी टीव्हीवर बातम्या शोधताना. मी तिथेच होतो. पडद्यावर पंचवीसतीस गाड्या धावत होत्या आणि सगळ्या एकसारख्या, फक्त रंग आणि नंबर वेगळे. मी सांगितलं की ही एकाच कंपनीच्या, एकाच बनावटीच्या गाड्यांची शर्यत आहे. इंजिन तेच, टायर तेच, वजनसुद्धा तेच. मामा खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे हरणाऱ्याला सांगायला कारणच नाही?" असं त्यांनी मला दोनदा विचारलं. इंजिनांच्या शेडमध्ये जन्मभर त्यांनी ऐकलं होतं की गाडीला उशीर झाला तो इंजिन खराब म्हणून. इथे खराब इंजिनाची सोयच नव्हती. त्या दुपारपासून जगातल्या बाकी सगळ्या शर्यती त्यांच्या दृष्टीनं लबाडी ठरल्या.

वाद एकट्यानं घालता येत नाही, आणि मामांकडे वाद घालायला असिस्टंट होते. हे गृहस्थ इंजिनात अकरा वर्षं मामांच्या शेजारी बसले, पुढे स्वतः ड्रायव्हर झाले, निवृत्त झाले, आजोबा झाले. पण मामांच्या घरात त्यांचं नाव असिस्टंटच राहिलं. ते सिकंदराबादहून दर रविवारी जेवण करून येतात. मामा मराठीत बोलतात, असिस्टंट दखनीत, आणि दोघांनाही आपण वेगवेगळ्या भाषा बोलतोय हे ठाऊक नसावं. आल्या आल्या मामा टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करतात. शर्यतीचं वर्णन करणारा माणूस म्हणजे मधे मधे बोलणारा तिसरा, आणि इंजिनात तिसरा चालत नाही.

वाद एकच आणि तो वर्षानुवर्षं चाललेला, की या शर्यतींतला सर्वांत थोर ड्रायव्हर कोण. असिस्टंट नऊ नंबरचे. नऊची गाडी पिवळी, अजिंक्यपद तीनदा त्याच्याकडे, आणि दर शर्यतीत तो कुणाला ना कुणाला धक्का देऊन पुढे जातो. मामा सत्तावीसचे. सत्तावीस हिरव्या गाडीतला किडकिडीत माणूस, अजिंक्यपद एकदाही नाही, पण त्याच्या गाडीवर ओरखडा दिसला तर मामांना जेवण जात नाही.

"गाडी शेडमधून जशी नेली तशी परत आणतो तो ड्रायव्हर," मामा म्हणायचे.

"जीत्या सो जीत्या साब," असिस्टंट म्हणायचे. "नंबरां के बोर्ड पो ओरखडा नै दिख्ता."

मग मामा ड्यूटीची जुनी वही काढायचे. तिच्यात त्यांनी थोर दहा ड्रायव्हरांची यादी केलेली होती आणि दर महिन्याला ती नव्यानं लिहिली जायची. कुणी आठवा असला तर तो सातवा का नाही, यावर चहाचे दोन फेरे व्हायचे. मामी शेंगा सोलत म्हणायच्या, "अहो, त्या बिचाऱ्यांना तरी कळवा, कितवे आहेत ते." पहिल्या जागेवर कायम सत्तावीस, आणि त्याच्यापुढे असिस्टंटनं पेन्सिलीनं केलेली फुली. मामांनी ती फुली कधी खोडली नाही. एवढ्या वर्षांत असिस्टंटनं एकदाही, अगदी दिवाळीच्या फराळालासुद्धा, सत्तावीसबद्दल बरा शब्द काढला नव्हता, आणि मला वाटतं मामा त्या हट्टावरच आठवडा काढत असत.

गेल्या वर्षभरात काही बदललं होतं, पण ते माझ्या लक्षात यायला हवं तेव्हा आलं नाही. मामांची खुर्ची टीव्हीच्या जवळ जवळ जात होती. टीव्ही जुना झाला, रंग उडाले, अशी तक्रार सुरू झाली, म्हणून आम्ही मोठा टीव्ही आणला. आठवड्याभरात त्याचेही रंग उडाले. वहीतली अक्षरं मोठी व्हायला लागली, एकेक नाव दोन ओळी खाऊ लागलं. माझ्या गाडीत बसल्यावर ते सिग्नल सांगेनासे झाले. मला वाटलं, वय झालं, हौस कमी झाली. खरं सांगायचं तर घसा वाचला म्हणून मला बरंच वाटलं. त्याची आज लाज वाटते.

मग तो रविवार आला. दुसऱ्याच फेरीत सत्तावीसचा टायर फुटला आणि हिरवी गाडी कडेच्या गवतात जाऊन उभी राहिली. मामा समोरच बसले होते, काही बोलले नाहीत. मला वाटलं, दुःख गिळलं असेल. अकराव्या फेरीत एका निळसर गाडीनं वळणावर आतून शिरून पुढच्याला सफाईनं मागे टाकलं. मामांनी मांडीवर थाप मारली. "पाहिलंस? सत्तावीस. कसा आतून घेतला, कुणाला स्पर्श नाही."

मामींचे हात शेंगांवर थांबले. असिस्टंटनं टीव्हीकडे पाहिलं, मग मामांकडे, आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "हौ साब. अच्छा लिया सत्ताईस. मैं मान गया."

मामा हसतील असं मला वाटलं. ते हसले नाहीत. त्यांनी सावकाश मान वळवली.

"तू मान गया?"

असिस्टंट टीव्हीकडे बघू लागले.

"सत्तावीस कुठं आहे?"

"दूसरे राऊंड में बाहर हो गया साब."

"म्हणजे तू मला खोटा सिग्नल दिलास," मामा म्हणाले. आवाज चढला नव्हता. चाचपडत त्यांनी टीव्हीचं बटण शोधलं आणि शर्यत संपायच्या आत तो बंद केला. असिस्टंट चहा न घेता गेले.

डॉक्टरांकडे मीच घेऊन गेलो. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय, कडेचं दिसत राहील, समोरचं नाही, आणि ऑपरेशनचा उपयोग नाही, असं त्यांनी सांगितलं. मामा हे सगळं वर्षभर एकटेच सांभाळून होते. परतताना गाडीत म्हणाले, "आमच्यात दर थोड्या वर्षांनी डोळे तपासायचे. नापास झाला की त्याच दिवशी इंजिनावरून खाली. सगळ्या नोकरीत मी दुसऱ्या कशाला भ्यालो नाही." थोड्या वेळानं म्हणाले, "ज्याला सिग्नल दिसत नाही त्यानं ड्रायव्हरांबद्दल बोलू नये, जावईबापू." घरी गेल्यावर त्यांनी वही मामींकडे दिली आणि माळ्यावर टाकायला सांगितली. मामींनी ती उशीखाली ठेवली. मला त्या दिवशी मामा पहिल्यांदा म्हातारे दिसले, आणि मी घरी येऊन बायकोजवळ रडलो.

पुढच्या रविवारी असिस्टंट नेहमीच्या वेळेला हजर. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. खुर्ची उचलली, इंजिनात ते ज्या बाजूला बसायचे त्या बाजूला मामांच्या शेजारी ठेवली, टीव्ही लावला, आवाज बंद केला. मामा भिंतीकडे तोंड करून बसले होते. गाड्या सुटल्या. असिस्टंटनं हात लांब केला, बोट पडद्यावर रोखलं आणि इंजिनाच्या आवाजावर चढवायचा तो आवाज काढला. "नऊ पहिला. सत्तावीस सहावा."

मामा भिंतीकडेच बघत राहिले. असिस्टंटनं पुन्हा तेच सांगितलं आणि हात तसाच लांब ठेवून थांबले. उलट उत्तर येईपर्यंत हात खाली घ्यायचा नसतो.

"न बघता कसं म्हणू?" मामा शेवटी म्हणाले.

"मैं देखरौं ना साब."

"मागच्या वेळीही तूच बघत होतास."

"गलती हो गई. अब नै होती."

चौथ्या फेरीत सत्तावीस मागे पडला. सातव्या फेरीत आणखी मागे. असिस्टंटनं एकही फेरी सोडली नाही, एकही जागा वाढवून सांगितली नाही. शेवटी त्यांनी हात केला आणि म्हणाले, "सत्तावीस चौदावा. गाडी को ओरखडा बी लगा साब, बाजू में, बड्डा."

मी मनात म्हटलं, एवढं कशाला सांगायचं. पण मामांचा चेहरा मी पाहत होतो. त्यांनी टीव्हीच्या दिशेनं हात लांब केला, बोट जरा बाजूलाच गेलं, आणि खणखणीत आवाजात ते म्हणाले, "सत्तावीस चौदावा. ओरखडा मोठा." आणि मग, लगेच, "चौदावा आला म्हणून काय झालं? धक्का कुणी दिला ते सांग. नऊनंच दिला असणार."

मामी उठल्या आणि उशीखालची वही घेऊन आल्या. आता यादी असिस्टंट लिहितात, मामा सांगतील तशी. पहिल्या जागेवर सत्तावीस आहे. त्याच्यापुढे पेन्सिल दाबून केलेली फुली आहे, ती किती मोठी आहे हे मामा बोटानं चाचपून बघतात.

काल मी मामांना अंबरपेठेला नेत होतो. चौकात दिवा लाल होता. मी हात लांब केला आणि म्हटलं, "सिग्नल लाल." मामा समोर बघत होते, जिथे त्यांना आता काही दिसत नाही तिथे. "लाल," ते म्हणाले. मग दिवा बदलला. मी म्हटलं, "हिरवा." मामांनी उत्तर द्यायला जरा वेळ घेतला. मागे हॉर्न सुरू झाले, एक बसवाला खिडकीतून काहीतरी बोललाही. मी हात तसाच ठेवून थांबलो होतो. मामा हिरवा म्हणाले, तेव्हा मी गाडी हलवली.