पेयेल शे, पडू द्या

साक्रीच्या डोंगरातली मोगीबाई नशिराबादच्या केळीबागेत घड वाहायला आली, तेव्हा तिला फक्त घरची भिली बोली येत होती. तिलाच काय, अख्ख्या टोळीला दुसरं काही येत नव्हतं. मालक तोतारामनानांशी बोलायचं तर मुकादम भाईदास मध्ये हवा. भिली आणि नानांची खानदेशी, दोन्ही बोली त्याच्या जिभेवर, म्हणून मेला बांधावर बसून खायचा! सुट्टी, दुखणंखुपणं, सगळं त्याच्या तोंडून जायचं आणि त्याला हवं तसं बदलायचं.

एका दुपारी मोगीचा नवरा पुना याला साप चावला. त्याची जीभ जड झाली, डोळे मिटायला लागले. त्याचं डोकं मांडीवर घेऊन मोगी आक्रोश करत होती. नानांनी रस्त्यावरून, जीपपाशी उभं राहून विचारलं, "काय झालं रे?" ट्रक भरायचा होता, भाईदासला काम थांबायला नको होतं. भाईदास ओरडला, "पेयेल शे, पडू द्या!" जीप निघून गेली. पुनानं तिथंच जीव सोडला.

मोगीला त्यातला एक शब्द कळला नव्हता, पण आवाज तिच्या कानात रुतून बसला. पुढं ती बाजारात, पाणवठ्यावर खानदेशी शिकत गेली. एकदा आठवडे बाजारात एक दारुडा आडवा पडला होता आणि भाजीवाली म्हणाली, "पेयेल शे, पडू द्या." प्यायलेला आहे, पडू द्या: त्या आवाजाचा अर्थ मोगीला आज कळला. म्हणजे माझ्या नवऱ्याला भाईदासनं मारलं!

ती बोंबलत सुटली नाही. थेट नानांशी बोलायला लागली, टोळी स्वतःच आणायला लागली. भाईदासचं मुकादमपण गेलं. आता तो स्वतःच प्यायला लागला आणि शेवटी मोगीच्याच टोळीत घड वाहायला आला. मोगीनं त्याला मुद्दाम घेतलं.

यंदा ट्रकवरून पडून त्याचा पाय मोडला. तो किंचाळला. रस्त्यावरून नानांनी विचारलं, "मोगी, काय झालं गं त्याला?"

"पेयेल शे, पडू द्या!" मोगी म्हणाली. अगदी त्याच सुरात. जीप निघून गेली.

भाईदासचा चेहरा पांढराफटक पडला. तो तिच्या बोलीत गयावया करू लागला.

"मले काई समजत नई," मोगी खानदेशीत म्हणाली, आणि त्याच्या जुन्या बांधावर जाऊन बसली. ट्रक पूर्ण भरेपर्यंत तिनं त्याला तसंच लोळू दिलं. मग उठून नानांची जीप बोलावली. पुनासाठी तेवढंही कुणी केलं नव्हतं.