चादरीखालचं यंत्र

आमच्या समोरच्या वहिनी नवऱ्याला सोडून गेल्या, ही बातमी तळमजल्यावर जन्मली आणि आमच्या मजल्यावर पोचेपर्यंत तिला चांगले हातपाय फुटले होते. डबलबेडच्या सगळ्या चादरी काखोटीला मारून वहिनी सकाळी टॅक्सीत बसल्या, हे अर्ध्या इमारतीनं पाहिलं होतं. माणूस काय उगाच अंथरूण घेऊन घराबाहेर पडतो? मी तोंड पाडून सांत्वनाला गेलो, तर नवरा शीळ घालत दाढी करत होता.

"सोडून कुठली जातेय! एका मशीनला पांघरूण घालायला गेलीय," तो म्हणाला. "तुझ्याकडे एखादी जास्तीची चादर आहे का रे?"

या गृहस्थाच्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून तर पुढचं सगळं मला सांगता येतंय.

वहिनी विद्यापीठात निर्यात-नियंत्रणाचं काम बघतात. आधी त्या ग्रंथालयात होत्या. हे खातं निघालं तेव्हा सगळ्यांनी अंग काढून घेतलं, आणि वहिनी नेमक्या रजेवर होत्या. तेव्हापासून संशोधनातली कुठली वस्तू, कुठलं ज्ञान परदेशी चाललंय आणि त्यातून कुणी भलतंच काही बनवणार नाही ना, ही काळजी त्यांच्या गळ्यात पडली. काळजी त्या घरीही आणतात. परदेशातल्या भाच्यानं वाढदिवसाला दुर्बीण मागितली.

"कशाला हवी?"

"पक्षी बघायला, आत्या."

"कुणाच्या हद्दीतले?"

पोरानं निमूटपणे चेंडूवर समाधान मानलं.

आता चादरींची भानगड. जिवाणूंच्या प्रयोगशाळेत गोठवून सुकवायचं एक यंत्र आहे, कपाटाएवढं. मातीतल्या उपयोगी जिवाणूंची त्यात भुकटी करतात. वाकड्या डोक्याचा माणूस त्यात नको त्या जिवाणूंचीही करेल, म्हणून यंत्रावर सरकारची नजर. आणि त्याच खोलीत, यंत्राला खेटून, एका परदेशी मुलीचं टेबल. तिच्या देशावर निर्बंध. नियम असा, की परदेशी माणसाला त्या यंत्राची रचना दाखवली किंवा समजावली तरी ती निर्यातच. यंत्र जागचं तसूभर न हलता परदेशी गेलेलं असतं!

तपासणीची तारीख आली आणि प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना घाम फुटला.

"मॅडम, मुलीलाच काढू. यंत्र महागाचं आहे."

"आणि तिचा प्रबंध? अर्धा झालाय."

"तो तिला सोबत नेता येईल का, तेही तुम्हीच बघा."

म्हणजे मुलगी रिकाम्या हातानं घरी जाणार. पदवी इथे, जिवाणूही इथे. वहिनींनी पदर खोचला. "मुलगीही राहील आणि नियमही राहील," म्हणाल्या, आणि घरी येऊन पलंग उघडाबोडका केला.

यंत्राला सूर्यफुलांच्या चादरी चढल्या. ते चालवायचं मुलीच्या इथल्याच एका मैत्रिणीनं. चादर उचलायची वेळ आली की सगळे ओरडणार, "पाठ!" की मुलगी भिंतीकडे तोंड करणार. तिच्या कुप्या ओल्या जायच्या, सुक्या परत यायच्या.

"सुकलं का गं?" ती भिंतीला विचारायची.

मैत्रीण वहिनींकडे बघायची. वहिनी म्हणायच्या, "सुकलं एवढं सांग. कसं सुकलं ते सांगू नकोस."

तपासणीला सरकारी खात्याचे मोठे साहेब आले, सोबत एक कोटातले सल्लागार. मुलीला आधीच बाहेर बाकावर बसवलं होतं.

"चादर काढा," साहेब म्हणाले.

"काढते. हे पाहुणे कुठले?"

"परदेशातून खास बोलावलेत. यंत्रातलं सगळं त्यांनाच कळतं."

"मग तर त्यांना बाहेरच बसवायला हवं. यंत्र दाखवायचा परवाना काढलाय त्यांचा?"

साहेबांनी उगाच खिसे चाचपले. सल्लागार मुलीशेजारी बाकावर जाऊन बसले. साहेब एकटेच आत गेले, यंत्राला प्रदक्षिणा घातली, दार उघडलं, मिटलं, आणि कपाळावर आठ्या घेऊन बाहेर आले. सल्लागारांच्या कानाशी वाकून म्हणाले, "आत एक झडप आहे, ती..."

"साहेब! सांगितलं तरी निर्यात होते."

साहेबांनी हवेत बोटानं गोल काढला.

"हातवारेही धरतात."

तेवढ्यात सवयीनं मुलगी भिंतीकडे वळली. तिचं बघून सल्लागारही वळले. दोघं शहाण्या मुलांसारखी भिंतीकडे तोंड करून बसली.

मुलगी आजही इथेच आहे, जिवाणू सुकवून घेतेय. तेव्हा साहेबांनी शेवटी काय केलं ते निराळं सांगायला नको. पण त्या घटकेला ते भलतेच उखडले होते. "मॅडम, तुमच्या या कडकपणात मलाच काम करता येईना! मी आता अहवालात लिहू तरी काय?"

वहिनी म्हणाल्या, "मुलगी राहतेय एवढं लिहा साहेब. त्याला परवाना लागत नाही."