कोल्ली व्हऊ दे

फरशी पुसून झाली की ती हाताची पाठ फरशीवरून फिरवायची. तळवा नाही, पाठ. तुम्ही आम्ही काय करतो? पुसलं की उठतो, फडकं पिळतो आणि दुसऱ्या कामाला लागतो. ही मात्र उकिडवी बसून, हात उलटा करून कोपरान् कोपरा चाचपायची. तेवढ्यात दारात कोणी आलंच तर त्याच्याकडे न बघता म्हणायची, “थांब, कोल्ली व्हऊ दे. मंग ये.”

कोल्ली म्हणजे कोरडी. ती धुळ्याकडची, घरात बोलणं अहिराणी. सगळी चाळ तिला जिजी म्हणायची. मी नाशिककडची, लग्न होऊन सुरतजवळच्या भेस्तानच्या त्या चाळीत आले. नळाला पाणी कधी येतं ते विचारायला पहिल्याच दिवशी समोरच्या दारात गेले, तर हे ऐकून घ्यावं लागलं. मला असा राग आला म्हणून सांगू. नव्या नवरीला कोणी दारात ताटकळत ठेवतं का? मी तोंड फुगवून उभी राहिले. माझ्या तोंडाचं तिला काही पडलेलं नव्हतं.

मग आतल्या कोपऱ्यातून तिची मुलगी आली. सुमी. तेव्हा सतरा-अठराची असेल. लहानपणी पोलिओ झालेला, दोन्ही पाय गेलेले. हातांवर भार देऊन, कंबर उचलून ती सरकत सरकत उंबऱ्यापर्यंत आली आणि हसून मला गुजरातीत म्हणाली, “आवो ने, भाभी.” माझा राग कुठच्या कुठे गेला. आपल्या घरात फरशी पायाखाली असते. त्या घरात ती सुमीचा रस्ता होती. बारीक खडा राहिला तर तिच्या पायाला ओरखडा, ओल राहिली तर कातडी सोलवटणार. आणि त्या पायांवरची जखम महिना महिना भरत नसे.

जिजीला नवरा नव्हता. उधना बाजूच्या सोसायट्यांत ती लादी-कपड्याची कामं करायची. तिच्या पहिल्या दिवसाची गोष्ट ती स्वतःच सांगायची, आणि सांगताना पदर तोंडाला लावून हसायची. गुजराती शेठाणीने तिला सांगितलं, पोतां मारी देजो. म्हणजे लादी पुसून घे. आता खानदेशात पोतारा म्हणजे मातीचा हात देणं. जिजीला वाटलं, शहर असलं तरी बायका आपल्यासारख्याच की. ती गेली मागच्या भरवाडाच्या, म्हणजे गवळ्याच्या, तबेल्यात, शेण आणलं, कुठून तरी माती आणली. शेठाणी अंघोळ-पूजा उरकून बाहेर येते तर दिवाणखान्याची अर्धी मोझेक लादी छान सारवलेली. शेठाणी झोपाळ्यावर बसली ती हसतच सुटली. ते सगळं काढताना दुपार गेली, पण काम टिकलं, आणि लादी कशी असते ते त्या दुपारी हाताला कळलं, असं जिजी म्हणायची.

हाताची पाठ का, हे मी एकदा विचारलं होतं. तिने दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. घट्टे पडून टणक झालेले. त्यांना काही कळत नाही, पाठीची कातडी अजून सुमीच्या कातडीसारखी आहे, म्हणाली.

फडक्यासाठीही तिचा जीव जायचा. सुरतेत चिंध्यांना काय तोटा? कारखान्यांच्या दाराशी साडीच्या तुकड्यांचे ढीग पडलेले असायचे. पण सगळं नायलॉन, पॉलिएस्टर. पाणी इकडून तिकडे ढकलतं, पीत नाही. म्हणून गावाकडून कोणी येणार असलं की जिजीचा निरोप जायचा, जुनं धोतर आणा. माझ्या आईनेसुद्धा माझ्या वडिलांची धोतरं जिजीसाठी धुऊन ठेवलेली आहेत. वडील कुरकुरायचे की अजून दोन वर्षं निघाली असती.

खोलीत आधी फुटका सिमेंटचा कोबा होता. एका सोसायटीत संगमरवर बसवायला जुनी कोटा फरशी काढली, तेव्हा जिजीने शेठाणीकडून ती मागून घेतली. गल्लीतल्या ओळखीच्या कडियाने, म्हणजे गवंड्याने, ती खोलीत बसवून दिली. त्यानंतर कितीतरी वर्षं जिजी ती फरशी नारळाच्या करवंटीने घासत राहिली. दिवा लावला की तो खालीही दिसायचा. सुमी त्या फरशीवरून अशी सरळ जायची की बघत राहावं.

मग एका शिबिरात सुमीला लोखंडी पट्ट्यांचे बूट मिळाले आणि काखेत धरायच्या कुबड्या. आम्ही बायकांनी आळीपाळीने तिला बाहेर गल्लीतल्या मातीत उभी केली, चालवली. पडायची, उठायची. शेवटी एका रविवारी ठरलं, आज घरात उभ्याने जायचं. जिजीने सणाला पुसावी तशी फरशी पुसली. उलटा हात दोनदा फिरवला. कोरडी होती. मी स्वतः बघितलंय, ठणठणीत कोरडी होती.

सुमीने उंबरा ओलांडला. दुसऱ्याच पावलाला कुबडी सरकली आणि ती आडवी पडली. मनगट मोडलं.

ओल नव्हती हो, खडा नव्हता. इतकी वर्षं घासून घासून जिजीने फरशी जी गुळगुळीत केली होती, त्यावर कुबडीचं टोक ठरेना. सुमीच्या मनगटाला प्लॅस्टर घालून आणलं त्या संध्याकाळी जिजी माझ्या ओट्यावर येऊन बसली. मग म्हणाली, “तिले मीच पाडं.” मी तिला काय काय समजावलं. ती ऐकत नव्हती.

मनगट जुळलं. पण सुमी पुन्हा सरकायला लागली. कुबड्या दारामागे खिळ्याला लटकल्या. विषय काढला की ती तोंड फिरवायची. जिजीने तिला एका शब्दाने ‘ऊठ’ म्हटलं नाही. तिने कडियाला बोलावलं आणि सांगितलं, सगळी फरशी उचल आणि उलटी बसव.

कोटा फरशीची खालची बाजू तुम्ही पाहिली असेल. नुसता खडबडीत दगड. कडिया म्हणाला, काकी, असं कोणी करत नाही. मलाही राहवलं नाही. मी तिला घरात ओढून नेलं आणि चांगली झाडली. म्हटलं, उद्या पोरगी उभी राहिलीच नाही तर? ह्या दगडावरून ती सरकणार कशी? सोलून निघेल. आहे तो रस्ताही तू बंद करते आहेस.

जिजी म्हणाली, “मंग मी उचलसू तिले.”

तेव्हा तिची साठी जवळ आली होती. आणि सुमी काही लहान पोर नव्हती.

फरशी उलटी बसली. सुमी खाटेवर बसून राहिली. आईशी बोलणं बंद. दिवस दिवस जिजी तिला खरोखर उचलून न्यायची, आणायची, आणि रात्री कंबर धरून बसायची. माझा जीव तीळ तीळ तुटायचा, वर जिजीचा रागही यायचा. खडबडीत दगड पुसणं म्हणजे दुप्पट काम. फडकं अडकतं, धूळ खाचांत बसते, ओल लवकर जात नाही. जिजीने करवंटी टाकून दिली आणि काथ्याने घासायला लागली. साबण बंद, फिनाईल बंद. नुसतं पाणी, घट्ट पिळलेलं धोतर, मग दुसरं कोरडं. पुसत मागे मागे दारापर्यंत यायचं आणि उलटा हात फिरवायचा. त्या दगडावर तिच्या हाताच्या पाठीची सालं निघालेली मी पाहिली आहेत.

एका सकाळी मी माझ्या दारात तांदूळ निवडत होते. समोर जिजीचं पुसून झालं. तिने हात फिरवला, थोडी थांबली, पुन्हा फिरवला. मग दारामागच्या कुबड्या काढून खाटेला टेकवल्या आणि म्हणाली, “कोल्ली व्हयनी. ये.”

झाली कोरडी, ये! इतकी वर्षं मी तिच्या तोंडून थांब ऐकलं होतं. सुमी आईकडे बघत राहिली. मग तिने बूट ओढले. पट्टे बांधायला तिला किती वेळ लागला, देव जाणे. जिजीने हात दिला नाही, उंबऱ्यात तशीच बसून राहिली. कुबडी दगडावर टेकली. ठरली. दुसरी टेकली. सुमी खाटेपासून उंबऱ्यापर्यंत आली आणि आईच्या डोक्यावरून बाहेर, माझ्याकडे बघून म्हणाली, भाभी, चहा ठेवा. तांदळाचं सूप माझ्या हातातून सुटलं. गल्लीभर तांदूळ झाले.

सुमी पुढे शिवणक्लास शिकली, रोज रिक्षाने जायची, उभ्याने घरात यायची. बोलायची मात्र हिंदी नाही तर गुजरातीच. आईची अहिराणी तिला समजायची, पण ती बोलताना मी कधी ऐकली नाही.

जिजी गेली ती दवाखान्यात. हृदयाचं काहीतरी होतं, आम्हाला आधी कळलंच नाही. तिला घरी आणायचं म्हणून आम्ही बायकांनी घाईघाईने तबेल्यातून शेण आणलं आणि खोलीच्या मधोमध जागा सारवली. शेठाणीच्या मोझेकची गोष्ट मला तेव्हा आठवली आणि रडू आवरेना. एवढ्यात माणसं तिला घेऊन दारात आली.

सुमी उंबऱ्यात कुबड्यांवर उभी होती. तिने कुबडी आडवी धरली.

“थांबा,” ती म्हणाली. “कोल्ली व्हऊ द्या. मनी मायले वल्लं चालस नही.”

कोणी तरी पुरुष कुरकुरला की बाई, असं थांबवतात का, वजन आहे. मी त्याच्यावर अशी धावून गेले की तो गप्पच झाला. ते दगड ओल धरून ठेवतात. माणसं तिला हातांवर धरून उभी राहिली, आळीपाळीने हात बदलत, आणि अख्खी गल्ली त्यांच्यामागे उभी राहिली.

बऱ्याच वेळाने सुमीने कुबड्या भिंतीला टेकवल्या. भिंतीला धरून हळूहळू खाली बसली. हात उलटा केला आणि पाठ त्या सारवलेल्या जागेवरून फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“कोल्ली व्हयनी,” ती म्हणाली आणि माणसांना आत यायला हात केला. “लई या तिले.”