मंगलची भाची

वडगावात ज्योतिबाच्या घरी पुढच्या खोलीत दोन यंत्रमाग चालतात. त्या खडखडाटात घरची माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलतात. ज्योतिबाला ते लहानपणापासून जमतं. पण धाकट्या बहिणीचे, मंगलचे ओठ हलायचे थांबले, ते मात्र त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

मंगल तेव्हा चौदाची. शाळेला जाईना, केस विंचरेना, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायची. "सोंगं करतीया," आई म्हणायची. ज्योतिबाही तेच म्हणाला, तिच्या तोंडावर. पाच दिवसांनी मंगलनं जीव दिला. घरात तिचं नाव निघायचं बंद झालं. ज्योतिबाला ती अजून दिसते, भर दुपारी, दोन मागांच्या मधे, पाठमोरी. हाक मारायला तो तोंड उघडतो, तर तिथं कुणी नसतं.

यंदा दिवाळीनंतर त्याची मुलगी नीलम तशीच पडून राहायला लागली. सातवीतली पोर. रोज पोट दुखायचं, डॉक्टरांना काही सापडत नव्हतं. मैत्रिणी बोलवायला आल्या तरी उठायची नाही.

"मोबाईल काढून घ्या, सरळ हुईल," बायको रचना म्हणाली.

त्यानं घेतला. नीलम भांडलीसुद्धा नाही. तेव्हा तो हादरला. दोन्ही माग बंद करून तो तिच्या अंथरुणापाशी जाऊन बसला.

"नीलू, काय हुतंय गं?"

"काय न्हाय."

तो उठला नाही. मग ती म्हणाली, "आप्पा, मला कशाचंच काय वाटंना झालंय. मी कशाला हाय, असं वाटतंय."

"जीव द्यावा असं येतंय मनात?"

तिनं मान हलवली. व्हय.

"ह्यात तुझी चूक न्हाय, बाळ. ह्यो आजार हाय. तुला एक आत्या हुती... तिला मी सोंगं करतीस म्हणालो हुतो."

त्याच दुपारी तिला मधे बसवून तो आणि रचना स्कूटरवरून सरकारी दवाखान्यात, मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

"स्पष्ट विचारलंत, बरं केलंत," बाई म्हणाल्या. "विचारल्यानं ते मनात भरत नाही. सध्या तिला एकटी सोडू नका."

रचना तिच्याजवळ झोपायला लागली. दर गुरुवारी दवाखाना ठरला. वर्गाच्या बाईंना सगळं सांगितलं.

तीन महिने झाले. नीलम अर्धा दिवस शाळेला जाते, कधी तेही होत नाही. गेल्या आठवड्यात आमटीत मीठ नाही म्हणून ती आईवर ओरडली. रचना मोरीत जाऊन रडली, आनंदानं.

ज्योतिबाला अजून धीर येत नाही. सूत न तुटताही तो मधेच माग थांबवतो आणि आतल्या दाराशी उभा राहून तिचा श्वास ऐकतो.