ओल आलेल्या भिंतीचा फोटो

आगाशीच्या बाजारात माझ्या समोरच त्याचं दुकान होतं. नाव मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर ओळख झाली असती. आम्ही दोघंही सहलीला येणाऱ्यांना समुद्राकाठच्या खोल्या भाड्याने द्यायचो. कॉम्प्युटर आधी मी घेतला आणि फोटोतला समुद्र चांगला निळाशार करून घेतला. पुढच्या वर्षी त्याने घेतला, तर गिऱ्हाइकं माझ्या दारावरून त्याच्याकडे जायला लागली. माझा नुसता जळफळाट.

एकदा न राहवून बघायला गेलो. रुमालाने कॉम्प्युटरचा पडदा पुसून तो गिऱ्हाइकाला खोलीतली ओल आलेली भिंत दाखवत होता.

"असले फोटो कोण दाखवतं?" मी म्हणालो.

"भाऊ, दोष लपवून कमावलेलं आम्हाला हराम. आधी तोंडाने सांगायचो, आता दाखवता येतं."

दुसऱ्या दिवसापासून त्याच्या ओल्या भिंती मीच गावभर सांगत फिरलो. ते त्याच्या कानावर गेलंच असणार.

मे महिन्यात त्याच्या खोल्या भरल्या आणि एक कुटुंब माझ्याकडे आलं. मी घाईने निळा समुद्र उघडला.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "समोरच्यांनी सगळं सांगितलंय. तुमच्या नळाला पाणी कमी येतं, पण माणूस चांगला आहे."

नळाचं खरं होतं. दुसरं तो खोटं का बोलला, ते मला अजून कळलेलं नाही.