बेंबी शिडीच्या आत

लेव्हलमामांना कुणी तोंडावर बोललं तर ते हसून सोडून देतील, चहात साखर नसली तरी हूं की चूं करणार नाहीत. पण कापून झालेल्या कुंपणातून एक शेंडा जरी वर डोकावला, की या माणसाची रात्रीची झोप गेलीच म्हणून समजा. झाडांची कुंपणं कापणं हाच त्यांचा धंदा. शाळांची, दवाखान्यांची, बंगल्यांची हिरवी कुंपणं ते मशीनने अशी भादरतात की म्हणे वर पाण्याचा पेला ठेवला तरी हलायचा नाही. एकदा त्यांनी तो ठेवूनही दाखवला. पेला घरमालकिणीचा होता आणि तो फुटला, पण तो वाऱ्यामुळे, असं मामा अजूनही शपथेवर सांगतात. लेव्हलमामा हे नाव चिकटलं ते तेव्हापासून.

या शेंड्यापायीच मामा एकदा पडले. उंच कुंपण होतं, काम आटपत आलं होतं आणि उजव्या अंगाला, जरा लांब, एकच शेंडा राहिला होता. आता शहाणा माणूस काय करेल? खाली उतरेल, शिडी सरकवेल, पुन्हा चढेल. पण कुंपण कापणारा माणूस आणि शहाणपण यांचं नेमकं त्याच घडीला वाकडं असतं. एका शेंड्यासाठी शिडी सरकवायची म्हटलं की त्याच्या अगदी जिवावर येतं. मामांनी डावा पाय हवेत सोडला, अंग ताणलं, शेंडा कापला आणि शिडीसकट खाली आले. नशीब बलवत्तर म्हणून मशीन पलीकडे पडलं. खांद्यात स्टीलची पट्टी बसवावी लागली. भूल उतरल्यावर डोळे उघडून हा गृहस्थ पहिलं काय बोलला असेल? "शेंडा गेला ना?"

मामी उशाशीच बसल्या होत्या. त्यांनी ते नीट ऐकून ठेवलं.

डॉक्टरांनी बजावलं, हाड जुळेल, पण पुन्हा याच खांद्यावर पडलात तर हात वर जायचा नाही. घरी आल्यावर मामींनी आपला निकाल दिला. "धंदा सोडायचा नाही म्हणता ना? नका सोडू. पण कामावर मी येणार. आणि पुन्हा एकदा जरी तुमचा पाय हवेत दिसला, तर मशीन भंगारात आणि तुम्ही घरात. मग बसा पडद्यांची लेव्हल बघत!"

झालं, तेव्हापासून मामांच्या मागे ही साडेसाती लागली. मशीन चालू करायच्या आधी मामी काठीने सगळं कुंपण बडवून काढायच्या, आत गांधीलमाश्यांचं पोळं नाही ना म्हणून. मग डोळ्यांना गॉगल, हातात मोजे, कानांवर आवाज अडवणारे ते भलेमोठे इअरमफ. मशीन चालू असलेल्या माणसाला मागून हात लावायचा नाही, मशीन खाली ठेवलं की बॅटरी काढायची, असे सगळे कायदे त्यांनी घालून दिले. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे बेंबी. शिडीच्या दुकानदाराने त्यांना सांगून ठेवलं होतं, "ताई, बेंबी शिडीच्या दोन दांड्यांच्या मधेच राहिली पाहिजे. बेंबी बाहेर गेली की माणूस गेला." मामींनी ते मनावर घेतलं. खाली शिडी धरून उभ्या राहायच्या आणि मामा जरा कलले, की मशीन थांबल्याबरोबर भर रस्त्यात खणखणीत आवाजात ओरडायच्या, "अहो, बेंबी!" रस्त्याने जाणाऱ्या एका बाईंनी तर दचकून आपल्याच कोटाची बटणं लावली.

"अगं, लोक काय म्हणतील?" मामा वैतागायचे.

"काय म्हणतील? धडधाकट माणूस आहे म्हणतील."

पण ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. खाली उभं राहून रोज वर बघता बघता मामींनाही नजर आली. "डावीकडे जरा फुगलंय हं," असं त्या सांगू लागल्या, आणि ते खरंच फुगलेलं असायचं. मग खालची कुंपणं त्या स्वतःच कापू लागल्या. मामांना कोण आनंद! बिचाऱ्यांना काय माहीत, गुण लागतात तेव्हा खोडीही लागते.

त्या दिवशी दातांच्या दवाखान्याचं उंच कुंपण होतं. काम संपलं, मामा उतरले आणि मशीन शिडीपाशी ठेवलं.

"बॅटरी काढा," मामी म्हणाल्या.

"काढतो गं," मामा म्हणाले आणि इअरमफ त्यांच्या हातात देऊन, न काढताच, मागच्या बाजूला फांद्या गोळा करायला गेले.

फांद्या ताडपत्रीत बांधत असताना त्यांना मशीनचा आवाज आला. आधी वाटलं, दिवसभराचा आवाज कानात बसलाय. मग डोक्यात प्रकाश पडला. मशीन पुढे आहे आणि आपण मागे. मग चालवतंय कोण? मामा हातातलं टाकून धावले.

शिडीच्या वरच्या पायरीवर मामी होत्या. गॉगल, मोजे, इअरमफ, सगळं जिथल्या तिथे. फक्त बेंबी शिडीच्या बाहेर हातभर, डावा पाय हवेत, आणि लांबवर, नुसता हात पुरत नव्हता एवढ्या अंतरावर, एक शेंडा.

"बेंबी!" मामा बेंबीच्या देठापासून ओरडले. पण इअरमफ मामींनी स्वतः पारखून घेतलेले, चांगले जाड. त्यांना काय ऐकू जाणार? मागून हात लावायची सोय नाही, दचकल्या तर संपलंच. मामांनी दोन्ही हातांनी शिडी धरली, पट्टी बसवलेला खांदा दांड्याला लावला आणि सगळं वजन टाकून उभे राहिले. वरून कचरा डोळ्यांत पडत होता. शिडी थरथरत होती. त्यांना दिसत होता तो फक्त हवेतला एक बूट. एवढी भीती त्यांना आजवर कधी वाटली नव्हती, स्वतः पडताना तर मुळीच नाही. ही बाई रोज इथे, या जागेवर, हेच बघत उभी राहते, आणि आपण तिला कटकट म्हणत आलो, हे त्यांना तेव्हा कळलं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

मशीन थांबलं. मामींनी पाय पायरीवर घेतला, कानावरचं काढलं आणि खाली पाहिलं. "अहो, तुम्ही केव्हा आलात?"

"खाली ये."

मामी उतरल्या. "एकच राहिला होता हो. म्हटलं, तेवढ्यासाठी कुठे शिडी सरकवा..." आणि आपण काय बोलतोय ते त्यांच्या लक्षात आलं.

आता मामांची पाळी होती. एवढ्या दिवसांचं उट्टं काढायला याहून चांगली संधी कुठली? पण ते शिडीच्या खालच्या पायरीवर मटकन बसले.

"पुन्हा असं करू नकोस," ते म्हणाले. "तुला काही झालं तर मला नाही जमायचं."

मामींनी मोजा काढला, त्यांची हनुवटी वर केली आणि खिशातला रुमाल काढून डोळ्यातला कचरा टिपायला लागल्या. "गॉगल कुठाय? आणि बॅटरी का नाही काढली?"

"चुकलं."

"माझंही चुकलं," मामी हळूच म्हणाल्या. मग त्यांनी वर पाहिलं. शेंडा तस्साच उभा होता. "चला, उठा. शिडी सरकवू, मी धरते."

मामांनीही शेंड्याकडे पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं. "राहू दे तो."

"अहो, रात्री झोप लागेल का?"

"शेजारी तुझं घोरणं ऐकू आलं की लागेल."

"मी घोरत नाही," मामी म्हणाल्या आणि मशीनची बॅटरी काढून त्यांनी खिशात टाकली.