पाठीवरचे व्रण

फ्लोरिडातल्या एका काउंटीच्या प्लॅनिंग ऑफिसात मी नकाशे करायचो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. माझा नकाशा बरोबर होता, हे आजही छातीठोकपणे सांगतो. थंडीत खाडीच्या तोंडाशी मॅनाटी ऊब शोधत येत. म्हशीएवढे मोठे, पण अगदी संथ पाणप्राणी. मोटरबोटींच्या पात्यांनी त्यांच्या पाठी चिरल्या जात, आणि त्या व्रणांवरूनच आम्ही एकेकाला ओळखायचो. तिथे बोटींना वेगमर्यादा हवी, असं मी त्या नकाशात दाखवलं होतं.

जाहीर सुनावणीत मी एका मादीचा फोटो दाखवला. म्हटलं, "ही दर हिवाळ्यात येते. चार व्रण, चार बोटींचे."

एक बोटवाला उठला. "चारदा लागूनही जिवंत आहे ना? मग मर्यादा कशाला?"

सभागृह खदखदून हसलं. निर्णय देणारे काउंटी बोर्डाचे मेंबरही हसले आणि प्रस्ताव फेटाळला गेला.

पुढच्या थंडीत ती धक्क्याला मरून लागली. जुने चार व्रण मी ओळखले. पाचवा ताजा होता. शेजारीच तो बोटवाला बोट पाण्यात सोडत होता.

"ही तीच का?"

"हो."

"फोटोत बरी दिसत होती," म्हणाला, आणि भरधाव निघून गेला.